पावती वाचण्याचा अधिकार

मनुष्याच्या आयुष्यातील खासगी भाग कोणता, असे कोणी आम्हांस विचारले असते तर पत्रे, रोजनिशी, फार तर बँकेचे पुस्तक, एवढ्या गोष्टी सांगून आम्ही थांबलो असतो. किराणा-भुसाराची पावती त्या यादीत घालावी असे आमच्या मनातही आले नसते. पावती ही खिशात चुरगळून ठेवण्याची आणि धुण्याच्या दिवशी लगदा होऊन सापडण्याची वस्तू. तीत लपविण्याजोगे काय असावयाचे? तूरडाळ, साबण, चहा, पित्तावरच्या गोळ्यांची एखादी पट्टी. परंतु अलीकडे या क्षुद्र कागदास निराळेच महत्त्व प्राप्त झाले आहे आणि त्याबरोबर एक नैतिक प्रश्नही उभा राहिला आहे. परमुलखात नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींनी त्याचा विशेष विचार करावा असे वाटल्यावरून हा लेखप्रपंच.

प्रथम हकीकत सांगतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील जेम्स फ्लॅनगन आणि त्यांचे सहकारी यांनी २०२३ सालच्या जानेवारीत एक निबंध प्रसिद्ध केला. विलायतेतील मोठ्या दुकानांत नेहमीच्या गिऱ्हाइकांस एक कार्ड देतात. प्रत्येक खरेदीच्या वेळी ते दाखविले की गिऱ्हाइकाच्या नावावर काही गुण जमा होतात आणि दुकानदाराच्या दप्तरी त्या खरेदीची नोंद होते. या संशोधकांनी २७३ स्त्रियांची संमती घेऊन त्यांच्या कार्डांवरील अशा नोंदी मिळविल्या. त्यांपैकी १५३ स्त्रियांस अंडाशयाचा कर्करोग झालेला होता. १२० स्त्रियांस तो नव्हता. दोन्ही गटांच्या खरेद्या ताडून पाहता असे दिसले, की कर्करोग झालेल्या स्त्रिया निदानाच्या सुमारे ८ महिने आधीपासून वेदनाशामक आणि अपचनावरील औषधे इतरांपेक्षा अधिक वेळा विकत घेत होत्या. लक्षणे प्रथम कधी जाणवली, असे त्यांना विचारता त्यांची उत्तरे सरासरीने निदानापूर्वीच्या साडेचार महिन्यांपर्यंतच मागे जात. म्हणजे जे बायकांना स्वतःलाही उमगले नव्हते, ते त्यांच्या पिशवीतील सामानास ठाऊक होते!

या रोगाचे स्वरूप ध्यानात घेतले म्हणजे ही गोष्ट नवलाची वाटत नाही. पोट फुगणे, दोन घास खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे, लघवीला वारंवार जावे लागणे, ही त्याची लक्षणे. यांतील एकही असे नाही, की जे आपल्या घरातील प्रौढ स्त्री ‘पित्त झालंय’ या दोन शब्दांत गुंडाळून ठेवणार नाही. डॉक्टरकडे जाण्यापूर्वी ती दुकानात जाते. आणि पुष्कळदा दुकानातच थांबते.

तेव्हा प्रश्न असा, की एखाद्याच्या खरेदीवरून त्याच्या शरीरातील रोगाची चाहूल लागत असेल, तर त्या खरेदीवर नजर ठेवण्याचा अधिकार कोणास आहे काय? आणि ज्याला चाहूल लागली त्याच्यावर काही कर्तव्य येऊन पडते काय?

हा प्रश्न आम्हांस केवळ बौद्धिक असता तर तो आम्ही अधिक पंडितांसाठी सोडून दिला असता. पण तो आमच्या घरात शिरून गेला आहे. आम्ही केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात कारकून आहो. दिवसभर दुसऱ्यांची बिले तपासणे हा आमचा धंदा. प्रवासभत्त्याच्या मागणीत एकच टॅक्सी दोनदा दाखविली असेल तर ती आमच्या नजरेतून सुटत नाही. आक्षेपाची टिपणी त्याच दिवशी जाते. लखनौस बदली होऊन आम्ही जानकीपुरमात बिऱ्हाड केले आणि वडिलांच्या पश्चात आई आमच्याकडे राहावयास आली. वय बासष्ट. साताऱ्याकडचे आयुष्य सोडून आलेली, हिंदी बेताचे. शेजारणींशी हसून मान हलविण्यापलीकडे तिचा संवाद जात नसे. संध्याकाळी ती जानकीपुरम विस्ताराकडे फिरावयास जाई. १९५१ साली छत्तर मंझिलात सुरू झालेली केंद्रीय औषध संशोधन संस्था आता त्याच भागात आहे. येताना ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात थांबे. तेथे बोलावयाचे हिंदी वाक्य तिने पाठ केले होते: “बेटा, पेट की दवा दे दो.”

ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती असे नाही. घरात ईनोच्या पुड्या दिसत. पित्तावरच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या केरात दिसत. महिन्याच्या शेवटी आम्ही जमाखर्च मांडीत असू. पण त्या बेरजेत औषधांचा आकडा इतका लहान असे, की नजर त्यावरून घसरून दुधाच्या आणि शाळेच्या आकड्यांवर जाऊन थांबे. किती खर्च झाला हे आम्ही पाहिले. कशावर झाला हे पाहिले नाही. सात-आठ महिन्यांनी आईचे पोट दिसण्याइतके फुगले तेव्हा तपासण्या झाल्या. रोग तिसऱ्या अवस्थेत होता. पुढे शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, आणि दीड वर्षाने ती गेली.

तेराव्यानंतर आम्ही त्या दुकानावरून जात असता तेथील मुलाने हाक मारली. माताजी बरेच दिवसांत दिसल्या नाहीत, असे तो म्हणाला. आम्ही काय ते सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “हर हफ़्ते ले जाती थीं। मैं सोचता था, घर में तो पता ही होगा।”

या वाक्याने आमची झोप कित्येक दिवस उडविली. मुलाचा दोष होता काय? नव्हता. त्याने पाहिले होते, मोजलेही होते. परंतु बोलावयास त्याचे आमचे नाते नव्हते. आमचे नाते होते. परंतु आम्ही मोजले नव्हते. पाहणारा एकीकडे, आणि ज्याने विचारावयाचे तो दुसरीकडे, अशी ही फारकत झाली होती.

गावी असतो तर असे घडले नसते, असा विचार प्रथम आमच्या मनात आला. आमच्या लहानपणीचा वाणी वहीत उधारी मांडता मांडता विचारी, “काय रे, या महिन्यात ओवा नि सोडा दोनदा नेलास, काकूंची प्रकृती बरी नाही का?” त्या काळी आम्ही याला नसती चौकशी म्हणत असू. शहरात आल्यावर, आपण काय घेतो याची कोणी वाच्यता करीत नाही, याचा आम्हांस केवढा आनंद झाला होता! बदलीवर असलेल्या मनुष्यास हे स्वातंत्र्य सर्वांत आधी आवडते. त्याची किंमत त्याला मागाहून कळते. दर चार-पाच वर्षांनी आपला वाणी बदलतो, शेजार बदलतो. आपली सेवापुस्तिका आपल्या मागोमाग येते; आपल्या घरच्यांची प्रकृती ओळखणारा मनुष्य मात्र मागेच राहतो. आता तर गंमत अशी, की आपल्या साऱ्या खरेद्यांची अखंड स्मृती कोणापाशी उरली असेल, तर ती मोबाइलवरून सामान पाठविणाऱ्या कंपन्यांपाशी. पत्ता बदलला तरी नंबर तोच राहतो.

मग लंडनच्या संशोधकांनी वाण्याच्या त्या जुन्या नजरेचे काम यंत्राकडे द्यावे, यात वावगे काय? कोणी म्हणेल, की तुमच्या आईच्या बाबतीत यंत्राने आठ महिने आधी इशारा दिला असता तर तुम्ही रागावला असता काय? प्रामाणिक उत्तर असे, की आज आम्ही कृतज्ञ झालो असतो. परंतु त्या दिवशी रागावलो असतो. एखाद्या परक्या कंपनीने फोन करून “आपल्या मातोश्रींस तपासून घ्या” असे म्हटले असते तर, आमच्या घरात डोकावणारे हे कोण, असेच आम्ही विचारले असते. आणि केवळ पश्चात्तापाच्या पायावर नीती उभारता येत नाही. ज्याचे माणूस गेले त्याला प्रत्येक पहारा थोडाच वाटतो. म्हणून दुःख क्षणभर बाजूस ठेवून आक्षेपांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप हिशेबाचा आहे, म्हणून तो आम्हांस आधी सुचतो. दोन गटांच्या सरासरीत फरक दिसणे निराळे आणि एका विशिष्ट स्त्रीस रोग आहे असे सांगणे निराळे. समजा, एका शहरात पन्नाशीपुढच्या एक लाख स्त्रिया आहेत आणि वर्षात त्यांपैकी वीस जणींस हा रोग व्हावयाचा आहे. समजा, यंत्र इतके हुशार आहे की वीसांपैकी पंधरा जणी ते ओळखते, आणि निरोगी बायकांपैकी शंभरात केवळ पाच जणींवर चुकीचा संशय घेते. तरी पंधरा जणींपायी सुमारे पाच हजार निरोगी बायकांच्या घरी भीतीचा निरोप जाणार! शिवाय लवकर कळले म्हणजे प्राण वाचलेच, असेही गृहीत धरता येत नाही. ब्रिटनमध्ये ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या एका प्रयोगात रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांची वर्षानुवर्षे पारख झाली. रक्ततपासणीच्या पद्धतीने हा रोग अधिक स्त्रियांत लवकरच्या अवस्थेत सापडला; परंतु २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात मृत्यूंची संख्या काही त्यामुळे घटलेली दिसली नाही. हे वाचून आम्हांस एक कडू समाधान झाले, आणि त्या समाधानाची लाजही वाटली. तथापि सत्य ते सत्य.

दुसरा आक्षेप वाचणाऱ्याच्या हेतूविषयी. तीच पावती रोग शोधण्यासाठी वाचता येते आणि माल खपविण्यासाठीही. अमेरिकेतील टार्गेट नावाची दुकानमालिका बायकांच्या खरेदीवरून त्या गरोदर असल्याचा अदमास बांधून त्यांना बाळाच्या वस्तूंची सवलतपत्रे धाडीत असे, ही हकीकत न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ साली छापली होती. आज सवलतपत्र पाठविणाऱ्याने उद्या तीच माहिती विमा कंपनीस किंवा नोकरी देणाऱ्यास विकली तर? पोटाच्या गोळ्या वरचेवर घेणाऱ्या स्त्रीचा विम्याचा हप्ता कोणी कारण न सांगता वाढविला, तर ती दाद कोठे मागणार?

येथे कायदा काय म्हणतो तेही पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. पुढे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. संमतीने घेतलेली माहिती सांगितलेल्या कामापुरतीच वापरावी आणि दिलेली संमती परत घेता यावी, हे त्याचे तत्त्व. परंतु संशोधन व सांख्यिकी यांना त्यात सवलत आहे. अट एवढीच, की ठरविलेली प्रमाणे पाळावीत आणि त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेऊ नये. याचा अर्थ नीट पाहावा. हजारो बायकांच्या पावत्यांवरून शास्त्र शिकण्यास या सवलतीने वाट मोकळी होते. परंतु त्यांतील एकीस “बाई, तू तपासून घे” असे सांगावयाचे झाल्यास तिची संमती आधी हवी. आम्हांस ही वाटणी प्रथम निष्ठुर वाटली. मग ध्यानात आले, की कायद्याने बरोबर त्याच जागी बोट ठेवले आहे, जेथे दुकानातला तो मुलगा अडला होता. पाहता येते, पण बोलावयास अधिकार लागतो, आणि तो ज्याच्याविषयी बोलावयाचे त्यानेच द्यावा लागतो.

तिसरा आक्षेप आपल्या घरच्या रीतीतून निघतो. विलायतेत कार्ड ज्या बाईचे, बहुधा खरेदीही तिचीच. आपल्याकडे नंबर नवऱ्याचा, पैसे मुलाचे आणि औषध आईचे. आमच्या मोबाइलवरून मागविलेल्या सामानाचा कोणी अभ्यास केला असता, तर पस्तिशीच्या एका कारकुनास अपचन झाले आहे, असे अनुमान निघाले असते! संमतीचे बटणही आम्हीच दाबले असते. आईस विचारलेसुद्धा नसते. आणि ज्या खरेदीत खरी बातमी होती ती तर रोखीने झाली. पट्टीतून कापून घेतलेल्या चार गोळ्यांची पावती कोण देतो? मग आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंची काय कथा! त्यांचा आजार कोणत्याच दप्तरात उमटत नाही. पावत्यांवर भिस्त ठेवणारी दया, ज्याच्यापाशी पावत्या आहेत त्याच्यापर्यंतच पोहोचते.

याच कारणास्तव या चर्चेत आम्हांस बार्शीची आठवण होते. देशातील ग्रामीण भागाची पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस सुरू झाली, ही गोष्ट बृहन्महाराष्ट्रातील वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती. शहरातल्या नोंदणीस इस्पितळांची दप्तरे पुरतात. खेड्यात दप्तरे कोठली? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले. लोकांस एकत्र बसवून गाठ, रक्तस्राव, बरा न होणारा व्रण यांचा अर्थ सांगू लागले. कोणास असे काही होत आहे काय हे विचारू लागले आणि संशयित रोग्यास तपासणीसाठी इस्पितळात जाण्यास प्रवृत्त करू लागले. मोजण्यासाठी निघालेली माणसे बोलावयास लागली. परिणाम असा झाला, की काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या. पुढे १९९९ पासून, आता धाराशिव म्हणविणाऱ्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या विषाणू-तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे त्यात दिसून आले. त्यानंतर जगभर या तपासणीचा पुरस्कार करणाऱ्यांनी मराठवाड्यातील या बायकांचा दाखला दिला आहे.

परंतु येथेही नैतिक ऋण आहेच. तपासणी झालेल्या गटात ३४ स्त्रिया या रोगाने मृत्यू पावल्या. तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या, जवळपास तेवढ्याच संख्येच्या गटात ६४. त्या काळी देशात कोठेच नियमित तपासणी नव्हती, त्यामुळे त्यांचे काही हिरावून घेतले नाही, असे प्रयोगाचे समर्थक म्हणतात. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की ज्यांची नावे वहीत लिहिली त्यांच्याविषयी आपले कर्तव्य वहीबाहेरच्या बायकांपेक्षा अधिक होते. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. आमच्यापुरते आम्ही एवढेच म्हणतो, की वाद उत्पन्न झाला हेच योग्य झाले. नाव लिहून घेतले की नाते जडते. त्याचा हिशेब कोणीतरी मागितलाच पाहिजे.

आता आमचे मत सांगतो. दुसऱ्याच्या पावत्या त्याच्या हितासाठी वाचणे स्वभावतः पाप नाही. आईच्या दुःखाने आम्हांस एवढे तरी शिकविले. परंतु वाचणाऱ्याने तीन गोष्टी पत्करल्या पाहिजेत. ज्याची पावती त्यालाच आधी विचारावे. घरातल्या कर्त्याला विचारून भागणार नाही. जे कळेल ते त्याच्याच कामी लावावे, दुसरीकडे विकू नये. आणि इशारा द्यावयाचा तर सोबत डॉक्टरची वाटही दाखवावी. भीती दारात टाकून निघून जाऊ नये. वाण्याच्या चौकशीत या गोष्टी आपोआप येत, कारण तो त्याच गल्लीत राहत होता. तो चुकला तर आमचे वडील दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानी जाऊन त्याला जाब विचारू शकत. त्याची नजर आम्हांस सोसवत होती, ती तो जाब देण्यास बांधलेला होता म्हणून. यंत्राच्या मालकास कोणत्या दारी जाऊन जाब विचारावयाचा, याचे उत्तर जोवर मिळत नाही, तोवर त्याच्या दयेविषयी आम्ही साशंक राहणार.

परंतु यंत्राविषयीचा हा संशय आपल्या आळसाचे पांघरूण होऊ नये. आईची पावती वाचण्यास आम्हांस कोणाच्या कायद्याची आडकाठी नव्हती.

आता दर महिन्याच्या अखेरीस जमाखर्च मांडताना आम्ही औषधांचे पान वेगळे काढतो. पहिल्या महिन्यात आमच्या कुटुंबाने ते पाहिले आणि सरळ विचारले, “अहो, माझ्या डोकेदुखीच्या गोळ्या तुम्ही मोजणार, तर तुमच्या सुपारीच्या पुड्या कोण मोजणार?” आम्ही निरुत्तर झालो. कचेरीतून येताना घेतलेल्या त्या पुड्या कोणत्याच हिशेबात नव्हत्या. मग असे ठरले, की वही स्वयंपाकघरात उघडी ठेवावी, ज्याने त्याने आपले आपण लिहावे आणि कोणीही कोणास विचारावे. दोन महिने सुपारी लिहिताना आमचा हात अडखळत होता. तिसऱ्या महिन्यात पुड्या निम्म्या झाल्या. कुटुंबाच्या डोकेदुखीचे कारण चष्म्याचा बदललेला नंबर निघाले.

कोपऱ्यावरच्या त्या दुकानी आम्ही अजून जातो. “आमच्या घरचे कोणी एकच औषध वारंवार नेऊ लागले तर मला सांगत जा,” असे एकदा त्या मुलास सांगावेसे वाटले होते. शब्द ओठांवर आले होते. पण घरच्या मंडळींस न विचारता तसे सांगणे बरे नव्हे, असे वाटून आम्ही परतलो. त्या रात्री जेवताना आम्ही सर्वांस विचारले. सर्वांनी होकार दिला. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितले. त्याने मान हलविली आणि आमच्या घरच्या माणसांची नावे विचारून घेतली.